सुरातून ‘पाणी’पर्यंत: म्युझिकवाल्या स्पीच थेरपीचा आठ महिन्यांचा अनुभव

आमचा मुलगा साडेपाच वर्षांचा, ऑटिझम, सुरुवातीला शब्द एकही नव्हता. पण गल्लीत हलगी वाजली की जेवण टाकून दाराशी. त्यावरूनच स्पीच थेरपिस्ट मॅडमनी ही पद्धत सुचवली. बेरा, म्हणजे ऐकण्याची टेस्ट, आधीच झाली होती, ऐकू नीट येतं.

गाणी लावून मुलाला समोर बसवायचं, असं यात काही नसतं. ‘पाणी’ घ्या. ‘पा’ खालच्या सुरात, ‘णी’ वरच्या, दोन्ही लांबवून. आणि प्रत्येक अक्षराला मुलाचा हात धरून वेगळ्या सुराच्या ड्रमवर थाप. आधी मॅडम एकट्या म्हणतात, मग दोघं मिळून, मग त्या अर्ध्यात थांबतात आणि उरलेलं त्यानं पुरं करायचं. बोस्टनच्या कॅथरीन वान आणि गॉटफ्रीड श्लाउग या संशोधकांच्या गटाने २०११ मध्ये याच धर्तीचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. मुलं फक्त सहा, पण आठवड्याचे पाच दिवस सराव! आम्हाला दोनच दिवस परवडतात, बाकी घरी मी. ड्रमऐवजी एक रिकामी घागर, एक अर्धी भरलेली. सोलापुरात नळ रोज येत नाही, त्यामुळे घागरींना तोटा नाही.

पहिले दोन-तीन महिने नुसते स्वर. ‘पाणी’चं ‘आ-ई’ व्हायचं. सासूबाईंना वाटलं, आईला हाक मारली. पेढे आणायला निघाल्या होत्या. ओठ मिटून ‘प’ यायला दिवाळी उजाडली. त्यानंतरही शब्द फक्त घागरीपाशी, तहान लागली की गप्प. मग नळ आला की, ग्लास हातात देताना, असं जिथल्या तिथे म्हणायला लावलं. आता पाणी, दे, चल, नको एवढे शब्द येतात, अजून सुरातच. पाहुण्यांसमोर एकही नाही. ‘नको’ आल्यापासून मात्र ताट फेकणं बरंच कमी झालं, माझ्यासाठी तेच मोठं.

हवं ते दाखवून सांगायची चित्रांची कार्डं मात्र सोडली नाहीत. कार्डांनी मूल बोलायचं थांबतं म्हणणारे बरेच भेटतात, आमच्याकडे तसं झालं नाही. पोट दुखतंय हे तो अजून कार्डानेच सांगतो.

एका सेंटरवर ‘तीन महिन्यांत बोलेल, लिहून देतो’ असं ऐकलं आणि तिथूनच परत फिरलो. २०१७ मध्ये नऊ देशांतल्या ३६४ मुलांवरचा म्युझिक थेरपीचा अभ्यास आला, त्यात ऑटिझमच्या लक्षणांच्या तीव्रतेत नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक दिसला नाही. ती पद्धत वेगळी, मोकळ्या वादनाची. तरी गॅरंटी देणाऱ्याला हा आकडा ऐकवावा. थेरपिस्टची आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी जरूर बघा. खर्चासाठी सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा ‘निरामय’ हा आरोग्य विमा काढा, एक लाखापर्यंतचं कवच आहे आणि त्यात थेरपीही बसते.

आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेसारख्या गोंगाटात कान झाकून रडणारं मूल असेल तर ड्रमची घाई नको, आधी त्याला आवाज सोसतो का ते बघा. आमचं पुढचे सहा महिने चालूच राहणार. सध्या ‘थांब’ घेतलाय. ‘थ’मुळे वेळ लागेल, असं मॅडमनी आधीच सांगून ठेवलंय.