कोठडी की कारखाना?

एखादा खटला गाजला की आमच्या सकाळच्या लोकलमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, "सडू दे आत." दुसरा म्हणतो, "फुकट कशाला पोसायचं? राबवून घ्या."

पहिल्याला आर्थर रोड दाखवावा. आत कैदी मंजूर क्षमतेच्या कितीतरी पट. कुशीवर झोपायचं, वळायचं तर शेजाऱ्यालाही हलवून. याहून कडक काय हवं? त्यातले बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून शाबीतच झालेला नाही. डब्यातल्या तावातावात हे नेहमी निसटतं.

गंमत म्हणजे दुसरं मतही इथेच अडतं. सक्तमजुरी शिक्षा झालेल्यालाच. कच्च्या कैद्याला जबरदस्तीने राबवता येत नाही. कारखाना बघायचा तर येरवडा किंवा नाशिक रोड. सुतारकाम, विणकाम, नाशिकला तर गणपतीच्या मूर्तीसुद्धा. लाकडावर रंधा मारायला शिकलेला माणूस सुटल्यावर निदान एखाद्या सुताराच्या दुकानात उभा तरी राहील. नुसत्या कोठडीतून आलेला काय घेऊन येणार?

पण 'फुकट' राबवणं नाही. 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांना रास्त मजुरी द्यायला सांगितलं, त्यातला वाटा पीडितांच्या भरपाईसाठी ठेवण्याचाही विचार मांडला. हा वाट्याचा मुद्दा काढला की 'सडू दे'वालेही जरा गप्प होतात.

माझं मत कारखान्याला, मजुरीसकट. समोरचे काका मात्र दादरला उतरता उतरता म्हणालेच, "मग आधी आमच्या पोरांना काम द्या की!"