सांताचं गुपित: आपण सांगावं की कळू द्यावं?

‘लेकीला संशय आलाय, सांगून टाकू का?’ असं एका मैत्रिणीने विचारलं. नाताळची भेट सांता नाही, आईबाबाच ठेवतात, हे बहुतेक मुलांना सात-आठ वर्षांच्या आसपास उमगतंच. स्वतः शोधलं तर हुशारीचा आनंद असतो, पालकांचे कष्टही वाचतात. धोका एकच: शाळेत कुणीतरी चिडवत सांगतं. आपण सांगितलं तर वेळ आणि शब्द आपल्या हातात. ज्यांच्यावरून सांता आला, त्या चौथ्या शतकातल्या मायराच्या (आजच्या तुर्कस्तानातलं गाव) बिशप निकोलसची गोष्टही जोडता येते. पण न विचारताच सांगणं म्हणजे आनंदावर विरजण. आणि थेट प्रश्नाला पुन्हा थाप मारणं? विश्वासाच्या हिशेबात ते सगळ्यात महाग. चौकस, पुरावे जमवणाऱ्या मुलाला शोधू द्या. हळव्या मुलाला, किंवा वर्गात कुजबुज सुरू झाली असेल तर, आपणच सांगा आणि धाकट्या भावंडाची भेट गुपचूप ठेवायचं काम त्याच्याकडे द्या.