आजोबांचा ग्रामोफोन रिपेअरला दिला आणि आतलं सगळं बदललं गेलं

घरात जुना चावीचा ग्रामोफोन असेल आणि कुणाला तरी दुरुस्तीला द्यायचं चाललं असेल तर आधी हे वाचा.

आमच्याकडे आईच्या वडिलांचा एचएमव्ही १०२ आहे, काळी सुटकेससारखी पेटी, झाकण लावून हातात धरून कुठेही नेता येते. हे मॉडेल १९३१ ला आलं आणि नंतर बरीच वर्षं बनत राहिलं त्यामुळे जुन्या घरांत माळ्यावर अजून सापडतं. याला बाहेर कर्णा नसतो, तो पेटीच्या आतच असतो. आजोबा गणपतीत काढायचे, तबकडीच्या प्रत्येक बाजूला नवीन पिन, वापरलेली पिन परत लावली की भयंकर चिडायचे. लग्नकार्याला लोक मागून न्यायचे म्हणून साउंडबॉक्सच्या, म्हणजे ज्यात पिन बसवतात आणि ज्यातून आवाज निघतो त्या गोल डबीच्या, कडेला त्यांनी पिनेनेच 'द. वि.' असं कोरून ठेवलं होतं.

आई आजारी होती, तिला बालगंधर्व त्याच पेटीवर ऐकायचे होते म्हणून मी काढला, तर गाणं अर्ध्यात मंदावायचं, वरच्या सुरांना घरघर आणि मधेच आतून धप्प असा आवाज. आता मला कळतंय की चावीने गुंडाळली जाणारी, तबकडी फिरवणाऱ्या मोटरची जी स्प्रिंग असते तिच्यातलं ग्रीस वाळून चिकट झालं होतं, स्प्रिंग सावकाश उलगडायच्या ऐवजी झटक्याने सुटते तोच तो धप्प, आणि साउंडबॉक्समधला अल्युमिनियमचा पडदा ज्या रबरात बसवलेला असतो ते रबर कडक झालं होतं. जुनं ग्रीस काढून नवीन भरायचं आणि रबर बदलायचं, काम एवढंच होतं. पण तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं.

पुण्यात एक मिस्त्री मिळाला. त्याने पेटी उघडून पण बघितली नाही, दोनदा चावी फिरवली आणि म्हणाला ताई मोटर गेलीये, साउंडबॉक्स पण बाद आहे, सामान मागवावं लागेल. ४,००० अॅडव्हान्स घेतले. वर म्हणे त्यापेक्षा ही पेटी मला देऊन टाका, थोडे पैसे घाला आणि पितळी कर्ण्याचा घेऊन जा, त्याला व्हॅल्यू आहे. दुकानात तसे तीन-चार मांडलेले होते, चकचकीत कर्णा, पॉलिश केलेला खोका, पुढे कुत्र्याचं चित्र. मी नाही म्हटलं. असले बाजारातले बहुतेक पीस अँटिक नसतातच, कर्णा नवा, खोका नवा, आणि आत मोटर आणि साउंडबॉक्स असतात ते बरेचदा जुन्या पोर्टेबल पेट्यांमधून काढलेले. म्हणजे आमच्यासारख्यांच्या घरातले.

पाच आठवडे फोनाफोनी, दोनदा जास्तीचे पैसे, एकूण ९,५०० गेले. पेटी आली तेव्हा बाहेरून इतकी छान पुसलेली की मी खूश झाले. घरी तबकडी लावली, बालगंधर्वांचीच. आवाज कर्कश, आणि संपल्यावर बघते तर तबकडीवर करडी भुकटी. नवा साउंडबॉक्स नुसता दिसायला तसा, पिन धरणारा दांडा घट्ट, हलतच नाही, मग पिन खाच कोरत जाते. त्या तबकडीवर आता पांढरट पट्टा आहे, तो भाग परत कधीच नीट वाजणार नाही. पैशापेक्षा मला हेच जास्त लागलंय, कारण आईला ती एकदा पण नीट ऐकवता आली नाही.

मिरजेच्या एका काकांनी, त्यांच्याकडे खूप तबकड्या आहेत, मोटर उघडून दाखवली, ती पण दुसऱ्याच कुठल्यातरी मशीनची निघाली. तबकडीखाली कागदाची चिठ्ठी ठेवून एका मिनिटाचे फेरे मोजले, ७८ पाहिजेत, ६६ भरले. मिस्त्रीला फोन केला तर म्हणाला जुनं सामान भंगारात गेलं, नंतर नंबर ब्लॉक. बिल नाही, आतला एक फोटो नाही, आधी आत काय होतं हे मी सिद्ध कशाने करणार?

म्हणून देण्याआधी मोटर स्वतःसमोर उघडायला लावा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा, साउंडबॉक्सवर ५ए, ५बी असा जो मॉडेल नंबर असेल त्याचा जवळून फोटो घ्या, मोटरवर कुठेतरी नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा, आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत पाहिजे हे कागदावर लिहून सही घ्या. सही द्यायला काचकूच केली तर पेटी उचला आणि घरी या. नुसती घरघर असेल तर साउंडबॉक्स एकटाच सुटा करून नेता येतो, अख्खी पेटी सोडायची गरजच नसते.

आणि कुठे बाजारात, कुणाच्या दिवाणखान्यात पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिसला तर प्लीज त्याच्या साउंडबॉक्सची कड बघा, 'द. वि.' कोरलेलं असेल तर मला कळवा, जे काय पैसे होतील ते देऊन मी घेऊन जाईन.