पॅरिसच्या गार दु नोर स्टेशनवर 'टॅक्सी?' विचारत कोणी जवळ आलं तर थांबू नका

गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे 2025 मध्ये, आई-बाबांना घेऊन मी ॲमस्टरडॅमहून जिनिव्हाला निघाले होते. पॅरिसला गाडी बदलायची होती आणि स्टेशनही बदलायचं होतं. उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या गार दु नोरला थांबतात, जिनिव्हाला जाणाऱ्या गार द लिओंहून सुटतात. मध्ये दोन तास ठेवले होते.

सकाळपासून पावसाची झड लागली होती. रॉटरडॅम, अँटवर्प सगळं काचेवरच्या ओघळांतूनच पाहिलं. ब्रुसेल्सच्या अलीकडे गाडी रखडली ती रखडलीच. पॅरिसला उतरलो तेव्हा हातात जेमतेम पाऊण तास उरला होता. आईचे गुडघे दुखत होते, बॅगा तीन. माझा चेहरा पाहून कोणालाही कळलं असतं की ही बाई घाईत आहे.

प्लॅटफॉर्म संपतो तिथेच तो माणूस उभा होता. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात छत्री. "नमस्ते मम्मीजी," म्हणत त्याने आधी आईची बॅग उचलली. मला इंग्रजीत म्हणाला, पाणी शिरल्यामुळे खालची लोकल बंद आहे, टॅक्सीची रांग तासाभराची आहे, माझी गाडी इथेच मागे लागली आहे. मी भाडं विचारलं. "फिक्स रेट, सरकारी," म्हणाला आणि चालायला लागला. आईची बॅग त्याच्या हातात होती, म्हणून आम्हीही मागोमाग.

बाजूच्या गल्लीत काळी गाडी उभी होती, आत दुसराच ड्रायव्हर. छतावर दिवा नव्हता. मला ते दिसलं होतं, हे मी लपवत नाही. पण पाऊस धो धो कोसळत होता, आई भिजत होती, आणि मी दार उघडून तिला आत बसवलं.

वीस-पंचवीस मिनिटांत गार द लिओंचा घड्याळाचा मनोरा दिसला. ड्रायव्हरने लॅमिनेट केलेला कागद पुढे केला: स्टेशन ते स्टेशन, तीन माणसं, तीन बॅगा, 165 युरो. म्हणजे जवळजवळ 17,000 रुपये! मी वाद घालायला लागले तर तो शांतपणे म्हणाला, डिकी पैसे दिल्यावर उघडेल. आमचे पासपोर्ट बॅगेत होते. बाबा म्हणाले, "देऊन टाक बाळा, गाडी जाईल." मी कार्ड लावलं, पिन टाकला. पावती मागितली तोवर बॅगा फुटपाथवर आणि गाडी कोपऱ्यावर.

त्याच्या बोलण्यात थोडं खरं होतं, तेच आम्हाला नडलं. पॅरिसमध्ये ठरावीक भाडं खरंच असतं, पण ते फक्त विमानतळ आणि शहर यांच्यामध्ये. दोन स्टेशनांमध्ये मीटरच चालतो. एवढ्या अंतराला मीटरने वीस युरोंच्या आसपास होतात. बॅगांचे वेगळे पैसे तिथल्या टॅक्सीत घेतच नाहीत. खऱ्या टॅक्सीच्या छतावर दिवा असतो, रिकामी असेल तर हिरवा, भरलेली असेल तर लाल. ती बाहेरच्या टॅक्सीच्या रांगेतच मिळते. स्टेशनात फिरून गिऱ्हाईक गाठायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे आत येऊन जो विचारतो तो टॅक्सीवाला नाहीच. आणि 25 युरो किंवा त्यावर भाडं झालं तर पावती देणं बंधनकारक आहे.

लोकल बंद नव्हती. गार द लिओंला आत शिरलो तर जिन्यावरून माणसं वर येत होती, कोरडी. आरईआर डी, म्हणजे तिथल्या लोकलची हिरव्या रंगाची लाइन, गार दु नोरच्या पोटातूनच सुटते आणि दुसरंच स्टेशन गार द लिओं. दहा मिनिटंही लागत नाहीत. तिकीट तेव्हा, 2025 मध्ये, अडीच युरो होतं. बाहेर पावसात पाऊलही टाकावं लागत नाही. पाटी पाहिली असती, काउंटरवर एक प्रश्न विचारला असता, तर तिघांचे मिळून साडेसात युरो झाले असते.

परत आल्यावर बँकेत तक्रार केली. पिन स्वतः टाकला आहे, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला, असं उत्तर आलं. स्टेटमेंटवर टॅक्सीचा उल्लेखसुद्धा नाही, कुठल्यातरी खाण्याच्या दुकानाचं नाव आहे. गाडीचा नंबर मी टिपला नव्हता. पोलिसांत जायला वेळच नव्हता. आत बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढायला पाच सेकंदं लागतात. आणि पासपोर्ट डिकीत जाणाऱ्या बॅगेत कधीच ठेवू नका. ते अंगावर असते तर मी तिथे उभी राहून भांडले असते.

मला पैशांपेक्षा आईचं जास्त लागलं. जिनिव्हा येईपर्यंत ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माझ्या गुडघ्यांमुळे झालं." तिच्यामुळे काहीही झालेलं नाही. म्हातारं माणूस पाहूनच ते लोक जवळ येतात.

मे महिन्यात मावशी आणि काका त्याच वाटेने जाणार आहेत. मावशीच्या पर्समध्ये मी मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद ठेवला आहे: गार दु नोर. कोणाच्या हातात बॅग द्यायची नाही. खाली उतरायचं. हिरवा डी. दुसरं स्टेशन. तिकीट जपून ठेवायचं, बाहेर पडताना गेटला पुन्हा लागतं.