कर डावावर की कमाईवर?

नागपूरच्या सीताबर्डीतल्या टपरीसमोर घामेजल्या बोटांनी लॉटरीचं तिकीट उलगडणारा हमाल दिसला की हा प्रश्न छळतो: जुगारावरचा कर खेळात लावलेल्या पूर्ण रकमेवर घ्यावा की मालकाच्या कमाईवर? महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६चा कॅसिनो कायदा अमलात न येताच २०२३ मध्ये रद्द झाला.

देशात मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोतल्या चिप्सच्या (पैसे देऊन घ्यायच्या खेळाच्या सोंगट्यांच्या) पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, २०२५ मध्ये तो ४० झाला. समजा, १,००० रुपयांच्या खेळात मालकाकडे १०० उरले. पूर्ण रकमेवर २८ टक्के म्हणजे २८० रुपये, कमाईवर फक्त २८! पूर्ण रकमेवरची वसुली सोपी, गल्ल्यावरच होते. पण भार खेळणाऱ्यावर. ब्रिटनमध्ये पैजा परदेशी गेल्या, तेव्हा २००१ मध्ये तिथल्या सरकारनं पैजेवरचा कर सोडून सट्टेवाल्यांच्या कमाईवर १५ टक्के लावले.

माझा कौल कमाईवरच्या कराला. हरणाऱ्याच्या खिशातून आधीच गेलंय.