एनएफडम्प वापरून बघितलं, ग्राफ नाहीत पण काम चोख

नेटवर्क स्लो झालं की सगळे आधी पॅकेट कॅप्चर (येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट साठवणं) लावतात आणि मग जीबीच्या जीबी फायली बघत डोकं धरून बसतात, मीपण त्यातलाच. आता वर्षभर एनएफडम्प वापरतोय, म्हणजे नेटवर्क ट्रॅफिकच्या नोंदी साठवून चाळणारं कमांड लाइनचं टूल. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि राउटरकडून येणाऱ्या फ्लोच्या नोंदी नेटफ्लो व्ही५, व्ही९, आयपीफिक्स अशा कुठल्याही फॉरमॅटमध्ये असोत, सगळं खातं. फ्लो म्हणजे फोनच्या बिलासारखं, कोण कोणाशी किती वेळ बोललं ते कळतं, काय बोललं ते नाही. त्यामुळे डिस्क कमी लागते.

त्यातला नोंदी गोळा करणारा प्रोग्रॅम एनएफकॅपडी दर ५ मिनिटांनी नवी फाइल बनवतो, मग एक कमांड मारली की बाइट्सप्रमाणे टॉप आयपी समोर. एकदा रात्री लिंक फुल्ल होत होती, दोन मिनिटात सापडलं, आमचाच बॅकअप सर्व्हर निघाला बिचारा!

एक गोष्ट मात्र छळते, यात टूलचा दोष नाही म्हणा. आमच्या राउटरवर अॅक्टिव्ह टाइमआउट (चालू फ्लोची नोंद किती वेळाने पाठवायची ती मुदत) ३० मिनिटं होता, म्हणजे मोठं डाउनलोड चालू असताना काहीच दिसायचं नाही आणि नंतर एकदम सगळे बाइट्स एकाच रेकॉर्डमध्ये धपकन. ६० सेकंद केलं तेव्हा कुठे आकडे माणसात आले. सॅम्पलिंग (सगळी पॅकेट्स न मोजता मोजकीच निवडून मोजणं) चालू असेल तर छोटे फ्लो सुटतात हेपण लक्षात ठेवा.

फिल्टरची भाषा टीसीपीडम्प या पॅकेट कॅप्चरच्या टूलसारखीच, ती येत असेल तर मजा आहे. माउसवाल्यांनी मात्र नादी लागू नका.