अकरा कस्टमरचे पैसे घेतले आणि सेटअप दिला एकच

कोल्हापुरात माझं छोटं आयटी सपोर्टचं काम आहे, मी आणि दोन पोरं, अकरा कस्टमर, त्यात शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्री, एक सीए ऑफिस, एक दूध डेअरी, दोन दवाखाने असे सगळे. रोजचे बॅकअप, विंडोजचे अपडेट हे एकेका सर्व्हरवर लॉगिन करून हाताने करायचो, दमून गेलेलो, म्हणून अॅन्सिबलवर (एका जागेवरून अनेक सर्व्हरवर कामं आपोआप चालवणारं टूल) ऑटोमेशन करून घ्यायचं ठरवलं आणि ओळखीतून पुण्याचे एक कन्सल्टंट मिळाले. नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे. पण त्यांनी जे केलं ते दुसरं कोणीही तुमच्यासोबत करू शकतं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पहिल्याच मीटिंगला त्यांनी कसेयाचं उदाहरण दिलं. २ जुलै २०२१ ला कसेया व्हीएसए या दुरून कॉम्प्युटर सांभाळायच्या टूलमधून रॅन्समवेअर (फाइल लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) पसरलं, आपल्यासारख्याच सपोर्ट देणाऱ्या कंपन्यांकडून त्यांच्या कस्टमरकडे गेलं, १५०० पर्यंत धंदे त्यात अडकले आणि स्वीडनमध्ये कूप या किराणा साखळीची शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली. हे खरंच घडलेलं आहे. त्यावरून ते म्हणाले, दादा म्हणूनच प्रत्येक कस्टमरची इन्व्हेन्टरी (म्हणजे मशीनची यादी) वेगळी, पासवर्ड वेगळे, व्हॉल्ट (पासवर्ड कुलूपबंद ठेवायची फाइल) वेगळा, बॅकअपची बकेट (म्हणजे क्लाउडवरची साठवायची जागा) पण वेगळी. मला पटलं. कस्टमरमागे ९,००० रुपये सेटअपचे म्हणजे ९९,००० आणि वेगळ्या स्टोरेजचे कस्टमरमागे महिना १,२०० ठरले.

हँडओव्हरला त्यांनी दोन कस्टमरवर चालवून दाखवलं. स्क्रीनवर नावं बरोबर, पाथ बरोबर, फाइल बरोबर जागी गेलेली. मी सही केली. इथेच मी चुकलो, उरलेले नऊ दाखवा म्हणायला पाहिजे होतं.

सात महिन्यांनी सप्टेंबरच्या शेवटी सीए साहेबांच्या सर्व्हरची हार्ड डिस्क गेली. ऑडिटची घाई, ३० तारीख डोक्यावर. मी म्हणलं साहेब काळजी करू नका, रात्रीचा बॅकअप आहे. फाइल उतरवली, टॅलीचा डेटा उघडला तर आत कंपनीचं नाव डेअरीचं. दूध उत्पादकांची खाती, त्यांची पेमेंट, सगळं. साहेब माझ्या शेजारी उभे होते आणि दुसऱ्या कुणाचातरी डेटा त्यांच्या डोळ्यासमोर होता. काय बोलावं ते कळेना.

त्या रात्री पहिल्यांदा मी सगळ्या फाइल स्वतः उघडून वाचल्या. एकच इन्व्हेन्टरी होती आणि अकराही कस्टमर तिच्यातच. कस्टमरचा कोड, बकेटचं नाव, अॅडमिनचा पासवर्ड हे सगळं ग्रुप व्हार्सच्या ऑल फाइलमध्ये, म्हणजे जी फाइल इन्व्हेन्टरीतल्या प्रत्येक मशीनला लागू होते तिच्यात. कस्टमरच्या स्वतःच्या ग्रुप फाइलमध्ये त्याच गोष्टीची किंमत (पैसे नव्हे, कोड किंवा पासवर्डची व्हॅल्यू) दिली असेल तर ती वरचढ ठरते, नसेल तर अॅन्सिबल गुपचूप ऑलमधली उचलतं, एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही, हिरव्या पिवळ्या ओळी येऊन काम झालं असंच दिसतं. अकराच्या अकरा ग्रुप फाइल रिकाम्या होत्या, नुसत्या नावाला बनवलेल्या.

मग डेमो कसा बरोबर आला? तर डेमोची एक छोटी स्क्रिप्ट होती, तिच्यात त्या दोन कस्टमरच्या किमती कमांडसोबत एक्स्ट्रा व्हार्स म्हणून दिलेल्या. अॅन्सिबलमध्ये कुठे दिलेलं व्हेरिएबल (म्हणजे अशी किंमत) कोणावर मात करतं याच्या २२ पायऱ्या आहेत आणि एक्स्ट्रा व्हार्स सगळ्यात वर, फाइलमध्ये काहीही असलं नसलं तरी तेच चालतं. रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) जो जॉब चालायचा त्यात ते दोनच कस्टमर या पद्धतीने होते, उरलेले नऊ तसेच. हे चुकून होत नाही. ज्याला दोघांसाठी किमती द्यायच्या कळतात त्याला नऊ जणांच्या राहिल्यात हे पण कळतं.

नऊ कस्टमर एकाच फोल्डरमध्ये. त्यात आत कॉम्प्युटरच्या नावाने सबफोल्डर आणि लहान ऑफिसात सर्व्हरचं नाव काय असतं तुम्हाला माहितीये, सर्व्हर. आमच्या चार कस्टमरकडे तेच नाव. चौघांची फाइल एकाच जागी एकाच नावाने जायची, तारीख पण तीच, ज्याचं अपलोड शेवटी संपेल त्याची राहायची आणि बाकीच्या तिघांची पुसली जायची. डेअरीचा डेटा सगळ्यात मोठा म्हणून बहुतेक रात्री डेअरीच उरायची. सीए साहेबांची शेवटची फाइल सापडली ती नऊ दिवसांपूर्वीची, ती पण नशीब म्हणायचं, त्या रात्री डेअरीची लाइन बंद होती.

आणि बकेट त्या कन्सल्टंटच्या स्वतःच्या अकाउंटवर. वेगळ्या स्टोरेजचे म्हणून मी महिन्याला १३,२०० देत होतो, सात महिन्यांचे ९२,४०० झाले. फोन केला तर म्हणाले तुम्ही सही केली आहे, आणि डेटा पाहिजे तर आधी पुढच्या तिमाहीचं पेमेंट करा.

व्हॉल्टचा पासवर्ड गिटमध्ये (फाइलींचा प्रत्येक बदल जपून ठेवणारं टूल) टाकलेला होता, म्हणजे त्यांच्याकडे पण कॉपी असणारच. फाइल डिलीट करून उपयोग नाही, गिटच्या जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी साठवलेल्या बदलांत, ती राहते, पासवर्डच बदलावे लागतात. तीन रात्री बसून आम्ही तिघांनी अकरा ठिकाणचे सगळे पासवर्ड बदलले. डेटा उघड झाला की सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) ६ तासात कळवायचं असा एप्रिल २०२२ चा निर्देश आहे, तो मेल मी त्याच दिवशी केला. डेअरीच्या मॅनेजरना स्वतः जाऊन सांगितलं. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती ती.

आता कोणाकडून असा सेटअप घेताय तर पैसे द्यायच्या आधी स्वतः अॅन्सिबल इन्व्हेन्टरीची होस्टवाली कमांड प्रत्येक कस्टमरच्या एकेका मशीनवर चालवा, त्या मशीनला शेवटी कोणत्या किमती लागतात ते समोर येतं, आणि बकेट किंवा कस्टमर कोड दोन ठिकाणी सारखा दिसला की तिथेच थांबवा. डेमो बघताना कमांडमध्ये एक्स्ट्रा व्हार्स आहेत का बघा. ऑल फाइलमध्ये टाइमझोन, टाइम सर्व्हर असलं कॉमन ठेवा, पासवर्ड आणि पाथ अजिबात नाही. आम्ही आता प्रत्येक प्लेबुकच्या (अॅन्सिबलने करायच्या कामांची फाइल) सुरुवातीला असर्ट म्हणजे एक तपासणी लावलीय, कस्टमर कोड मिळाला नाही किंवा तो ग्रुपच्या नावाशी जुळला नाही तर जॉब तिथेच फेल. अकरा इन्व्हेन्टरी वेगळ्या, व्हॉल्टचे पासवर्ड वेगळे, बकेट कस्टमरच्याच अकाउंटवर आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाची एक फाइल उतरवून उघडून बघतो, नुसती साइज बघत नाही.

सायबर पोलिसांकडे अर्ज दिलाय, वकिलांची नोटीस गेलीय, १,९१,४०० पैकी अजून एक रुपया आलेला नाही. सीए साहेबांच्या ऑफिसात त्यांच्या दोन असिस्टंट मुली रविवारी पण येऊन नऊ दिवसांच्या एन्ट्र्या परत मारत होत्या, मी शेजारी बसून व्हाउचर वाचून दाखवत होतो. साहेब मला एक शब्द रागाने बोलले नाहीत. जुन्या बकेटमध्ये अजून नऊ जणांचा डेटा तसाच पडलेला आहे आणि तो काढून घेण्यासाठी वकील तारीख मागतायत.